घातपाती हल्ल्यानंतर खासगी उड्डाणांवर येणारी बंदी: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरात ड्रोन चालवायला शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं लग्नांची शूटिंग केली. देशात कुठे हल्ला झाला की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. फोटोग्राफर, फवारणीवाले, ड्रोन दीदी म्हणजे बचत गटाचा फवारणी ड्रोन चालवणाऱ्या बाया, मुलाला पायलट करायला निघालेले वडील, एकदा तर थेट नवरदेव. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो आहे.

हल्ला काश्मिरात झाला. मग पैठणला ड्रोन का उतरवायचा?

हा प्रश्न मला पहिल्यांदा लग्नाच्या मांडवात पडला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं. पुढच्या महिन्यात पैठण तालुक्यातल्या एका लग्नात आमचं काम होतं. अक्षता पडायला पंधरा मिनिटं होती, वरात पारावर आली होती आणि ड्रोन साठ-सत्तर फुटांवर स्थिर होता. तेवढ्यात पोलीस पाटील घामाघूम होऊन मांडवात शिरले. "कामून उडवायलाय ते? आधी खाली घ्या, बंदी हाय!" मी ड्रोन उतरवला. उतरवल्यावर म्हटलं, पाटील, आदेश दाखवता का? त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर आलेला आदेशाचा फोटो होता, शिक्का वगैरे सगळं व्यवस्थित. जिल्हा मात्र दुसरा होता, आणि तारीख आदल्या वर्षीची.

पाटलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ठाण्यातून "लक्ष ठेवा" एवढंच कळवलेलं असतं, आणि गावात लक्ष ठेवण्यासारखं दिसतं काय, तर डोक्यावर गुणगुणणारा ड्रोन. रात्री शेतातून गुपचूप उडवणारा कुणाला दिसत नाही. पाचशे माणसांच्या मांडवात उघड्यावर उडवणारा दिसतो, म्हणून तोच उतरवला जातो. बंदीचा फटका आधी नियमाने चालणाऱ्याला बसतो, तो याच कारणाने. त्या दिवशी उरलेलं शूटिंग आम्ही शेजारच्या घराच्या पत्र्यावर चढून केलं. मे महिन्यातला पत्रा, दुपारचा एक. जास्त सांगत नाही.

बंदी नेमकी घालतं कोण?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरा प्रश्न हाच आहे. बंदी तीन वेगवेगळ्या टेबलांवरून येते. प्रत्येकाचा कागद वेगळा, मुदतही वेगळी.

पहिलं टेबल दिल्लीचं. हवाई हद्द किंवा विमानतळ बंद करायचा असेल तर वैमानिकांसाठी 'नोटॅम' नावाची सूचना निघते. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्यानंतर उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवासी विमानांना बंद केले. १२ मे रोजी ते पुन्हा उघडले. त्या यादीत महाराष्ट्रातला एकही नव्हता. तरी त्या आठवड्यात "चिकलठाणा विमानतळ बंद आहे ना?" असं मला किमान वीस जणांनी विचारलं असेल.

दुसरं टेबल पोलीस अधीक्षकांचं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला तात्पुरता 'रेड झोन' ठरवू शकतो. हा एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांचा असतो, म्हणजे चार दिवस. तो 'डिजिटल स्काय' या केंद्राच्या ऑनलाइन ड्रोन नकाशावर जाहीर व्हायला हवा. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला मुख्यमंत्री शहरात येतात, तेव्हा कुणी सांगो न सांगो, त्या दिवशीचं बुकिंग मी घेतच नाही.

तिसरं टेबल जिल्हाधिकाऱ्यांचं, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांचं. जुनं १४४ कलम सगळ्यांना पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. हा आदेश जास्तीत जास्त दोन महिने चालतो, त्यापुढे वाढवायचा तर राज्य सरकारला वेगळा आदेश काढावा लागतो. आपल्याकडे ड्रोन जमिनीवर राहतात ते बहुतेक वेळा याच कागदामुळे.

म्हणून कुणी "बंदी आहे" म्हटलं की मी तीनच गोष्टी विचारतो: कोणाची, कुठपर्यंत, कधीपर्यंत. आदेशाच्या पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात तिन्हींची उत्तरं सापडतात. मधले परिच्छेद बहुतेक मागच्या आदेशावरून उतरवलेले असतात.

आदेशात 'पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट, हॉट एअर बलून' अशी लांबलचक यादी का असते? आमच्याकडे यातलं काहीच नाही.

ही यादी महानगरांतून आलेली आहे. दिल्लीत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी, मुंबईत तर वर्षभर अधूनमधून असे आदेश निघतात, आणि तोच मजकूर जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतो. सरकारी भाषेत या सगळ्यांना 'सब-कन्व्हेन्शनल' साधनं म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, कमी उंचीवरून हळू जाणारं आणि रडारला नीट न दिसणारं काहीही.

यादीत उगीच घातलेलं काही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचे लोक इंजिन लावलेल्या पॅराग्लायडरवरून कुंपण ओलांडून इस्रायलमध्ये उतरले. त्याआधी कुणी "पॅराग्लायडरवरून हल्ला होईल" म्हटलं असतं तर आपण हसलो असतो.

जाता जाता: १९३४ च्या विमान कायद्यात 'एअरक्राफ्ट'च्या व्याख्येत पतंगसुद्धा होता. म्हणजे संक्रांतीला गुलमंडीवर आपण सगळे 'विमानं'च उडवत होतो. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली.

ड्रोनने खरंच हल्ला होतो, की पोलिसांना भीती दाखवायला आवडते?

होतो. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली. दोन जवान किरकोळ जखमी झाले आणि एका इमारतीच्या छताला भोक पडलं. नुकसान थोडं होतं, तरी भारतातल्या लष्करी तळावर असा हल्ला त्याआधी झाला नव्हता. पाठोपाठ जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांनी ड्रोन बाळगण्या-उडवण्यावरच बंदी घातली.

गंमत पुढे आहे. या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २५ ऑगस्ट २०२१ ला, केंद्राने नवे ड्रोन नियम आणले आणि ते आधीपेक्षा कितीतरी सैल निघाले. फॉर्म कमी झाले, फी नाममात्र झाली, नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या पट्ट्यात परवानगीची गरजच उरली नाही. केंद्र म्हणतं उडवा, जिल्हा म्हणतो उतरवा. ही ओढाताण तेव्हापासून चालू आहे. आपला धंदा तिच्या मधोमध आहे.

नकाशावर माझं गाव हिरवं दिसतं. मग उडवू ना?

हिरवा म्हणजे जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत पिवळा झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. चिकलठाणा विमानतळ शहराला इतका चिकटलेला आहे की मुकुंदवाडी आणि सिडको पिवळ्याच्या अगदी कुशीत येतात. नांदेडमध्येही धावपट्टी शहरालगतच आहे. लातूर आणि धाराशिवला नियमित प्रवासी विमानं दिसत नाहीत, म्हणून लोक तिथे बिनधास्त उडवतात. धावपट्टी आहे म्हणजे कुणीतरी उतरू शकतं, हे लक्षात असू द्या.

नकाशा रोज बघायचा. काल हिरवा होता म्हणून आज हिरवा असेलच असं नाही, आणि हल्ल्यानंतरच्या दिवसांत तर नाहीच. कलम १६३ चा आदेश नकाशावर दिसेल याचीही खात्री नसते. तो कलेक्टर ऑफिसच्या फलकावर, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सापडतो.

वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा इथे पुरातत्त्व खात्याची परवानगी एरवीही लागते. हल्ला झालेला असो वा नसो. जायकवाडीची भिंत, परळीचं औष्णिक केंद्र, छावणीचा लष्करी भाग यांच्याकडे ड्रोनचं तोंडही करू नका. "नाथसागराचा सूर्यास्त फक्त" असं म्हणून तिथे गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची संध्याकाळ ठाण्याच्या बाकड्यावर गेली.

सोयाबीनवर अळी पडली आहे आणि बंदी आली. फवारणी थांबवायची का?

आदेश असेल तर थांबवायची. पण आधी आदेश नीट वाचा. बऱ्याच आदेशांत 'पूर्वपरवानगीशिवाय' असा शब्द असतो. त्या एका शब्दात तुमची सूट आहे.

अळी चार दिवस थांबत नाही, हे कलेक्टर ऑफिसला कळतं. कळवायला मात्र कुणी जात नाही. माझ्याकडे शिकून गेलेली एक ताई आता परभणी जिल्ह्यात बचत गटाचा ड्रोन चालवते. तिने एक साधी पद्धत बसवली आहे. कोऱ्या कागदावर गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, कोणतं औषध, किती लिटर, सकाळी किती ते किती, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि स्वतःचा पायलट प्रमाणपत्र क्रमांक लिहायचा. एक प्रत तहसीलला, एक ठाण्यात, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली तिसरी पिशवीत. "साहेब नाही म्हणाले तरी लेखी नाही म्हणतेत ना," असं तिचं म्हणणं. लेखी नकाराला वेळ लागतो, तोंडी होकार लगेच मिळतो. तिचं काम एकदाही दोन दिवसांच्या वर अडलेलं मी पाहिलं नाही.

नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोनसाठी ८० टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत. उरलेल्या रकमेचा बहुतेक वेळा हप्ता असतो, आणि बंदी असो वा नसो हप्ता थांबत नाही. आदेश काढणाऱ्यांनी लग्नाचा ड्रोन आणि फवारणीचा ड्रोन एकाच ओळीत बसवू नये असं मला मनापासून वाटतं. पण पोलिसांच्या बाजूनेही बघा. दहा लिटर द्रव घेऊन उडणारं आणि खाली फवारणारं यंत्र त्यांना कसं दिसत असेल?

ही शंका आपल्याच पोलिसांना येते असं नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत फवारणीच्या विमानांना वेगळी बंदी आली होती. हल्ल्याच्या कटातल्या लोकांनी अशा विमानांची चौकशी केली होती हे तपासात पुढे आलं, आणि विषारी द्रव्य फवारण्याची भीती उभी राहिली. सुगीच्या तोंडावर तिथले शेतकरीही आकाशाकडे बघत बसले.

२०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

हल्ल्याशी नाही, पण लोकांच्या मनाशी आहे. त्या पावसाळ्यात बीड, जालना आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावांत रात्री आकाशात दिवे दिसायचे. चोर आधी ड्रोनने पाहणी करतात अशी बातमी पसरली. माणसं काठ्या घेऊन गल्लीत जागली. अंतरवाली सराटीवर ड्रोन घिरट्या घालतो हा विषय तर विधानसभेपर्यंत गेला. त्या दिव्यांतले काही ड्रोन होते, काही नुसत्या अफवा. नक्की किती कशाचे, हे त्या वेळी गावात बसलेल्या माणसाला कळणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून गावाला ड्रोनचा आवाज ऐकला की आधी चोर आठवतो, मग लग्न. त्यामुळे रात्री उडवूच नका. दिवसाही उडवण्याआधी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना फोन करा. नियमात हे कुठे लिहिलेलं नाही, आमच्याकडे मात्र याशिवाय चालत नाही.

अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर खासगी विमानांचं नेमकं काय झालं?

त्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास हवेतल्या प्रत्येक विमानाला जवळच्या विमानतळावर उतरण्याचा आदेश गेला. तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास विमानं आकाशात होती. प्रवासी विमानं दोन-तीन दिवसांत पुन्हा उडू लागली. छोटी खासगी विमानं मात्र टप्प्याटप्प्याने सोडली. आधी उपकरणांच्या भरवशावर, नियंत्रकांच्या देखरेखीखाली उडणारी. नजरेने बघून उडणाऱ्या हौशी लोकांचा नंबर शेवटचा. मोठ्या शहरांभोवती त्यांना कित्येक आठवडे थांबावं लागलं.

आता गोम बघा. हल्ला ज्यांनी झाला ती चारही मोठी प्रवासी विमानं होती, आणि तीच आधी सुटली. बंदी लांबली ती एकही गुन्हा न केलेल्या छोट्यांची. एक धागा खरा होता: अपहरण करणाऱ्यांतले काही जण फ्लोरिडातल्या साध्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकले होते. त्यामुळे शाळांवर, परदेशी विद्यार्थ्यांच्या तपासणीवर नजर आली. ते मला पटतं.

वॉशिंग्टनभोवतीचं बंदीचं कडं मात्र गेलं नाही. शहराजवळच्या काही छोट्या विमानतळांवर उतरायचं तर वैमानिकाची पार्श्वभूमी तपासून घेतात. त्यातला एक कॉलेज पार्क. राइट बंधूंपैकी विल्बरने १९०९ मध्ये तिथे लष्करी अधिकाऱ्यांना उडायला शिकवलं होतं. विमान जिथे बाळसं धरत होतं, तिथेच आता ओळखपत्र दाखवून उतरायचं. शहरातल्या रेगन विमानतळावर खासगी विमानं २००५ मध्ये पुन्हा येऊ लागली, तीही सशस्त्र सुरक्षा अधिकारी सोबत बसवून. वॉशिंग्टनभोवती 'तात्पुरता' म्हणून आखलेला प्रदेश २००९ मध्ये कायमच्या नियमात बसवला. मोठ्या क्रीडांगणांवर सामना चालू असताना तीन सागरी मैलांच्या आत, तीन हजार फुटांखाली उडायला आजही बंदी आहे.

छोट्या विमानाने मोठा घातपात होऊ शकतो का?

आकड्यांनी बघू. शिकाऊ पायलट ज्या सेसना १७२ वर बसतात तिचं पूर्ण भरलेलं वजन साधारण अकराशे किलो. उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्या कितीतरी पट भारी असते. मोठं प्रवासी जेट शंभर टनांच्या पुढे, त्यात टाक्या भरून इंधन. ५ जानेवारी २००२ ला फ्लोरिडातल्या टँपा शहरात पंधरा वर्षांच्या एका शिकाऊ मुलाने सेसना एका उंच इमारतीत घुसवली. तो स्वतः गेला, खोल्यांची मोडतोड झाली, इमारत जागेवर राहिली.

म्हणजे धोका शून्य नाही, पण मोठ्या विमानाच्या पंगतीत बसणारा नाही. छोट्या यंत्राची खरी भीती वजनाची नसून ते नेतं काय याची आहे. जम्मूत तेच दिसलं.

आपल्या देशात हवेतून शस्त्रं आल्याचं कधी झालंय का?

झालंय, आणि पहिली गोष्ट आपल्याच घरातली आहे. १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि भारताने संस्थानाची नाकेबंदी केली होती. तेव्हा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानांतून रात्रीच्या रात्री कराचीहून शस्त्रं आणून निजामाला पुरवत होता. बिदरच्या धावपट्टीवर ती उतरायची. बिदर आमच्या उदगीरपासून किती लांब आहे ते नकाशात बघा. १७ सप्टेंबरला आपण जो मुक्तिदिन पाळतो त्याच्या आधीचे काही महिने या उड्डाणांचे होते.

दुसरी गोष्ट पुरुलियाची. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह २६ विमानातून शेकडो एके-४७ आणि काडतुसांच्या पेट्या पॅराशूटने खाली सोडल्या गेल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात बंदुका सापडल्या. लपूनछपून आलेलं विमान नव्हतं हे. मार्ग कळवलेला होता, वाराणसीला ते इंधन भरून निघालं होतं. चार-पाच दिवसांनी तेच विमान परतताना मुंबईला उतरवून घेतलं. "कागद तर आहेत ना साहेब" या वाक्यावर सुरक्षेच्या माणसाचा चेहरा का बदलत नाही, त्याचं एक कारण पुरुलिया आहे.

मराठवाड्यात कोण कशाला येईल हल्ला करायला?

असं म्हणू नका. मे २००६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या शस्त्रसाठा प्रकरणात पोलिसांनी गाडीचा पाठलाग करून आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या होत्या. हवेशी त्याचा संबंध नव्हता. पण इथल्या पोलिसांच्या स्मरणात ते आहे, आणि "आमच्याकडे काय होणार" हे वाक्य त्यांना आवडत नाही.

नवरी हेलिकॉप्टरने न्यायची आहे. आगाऊ रक्कम दिली आणि आता हल्ल्यानंतर सगळं कडक झालंय. काय करू?

आधी करार काढा आणि 'सरकारी बंदीमुळे उड्डाण रद्द झाल्यास' पैशांचं काय, ते वाचा. नसेल लिहिलेलं तर आजच लिहून घ्या.

हेलिकॉप्टर कंपनी परवानाधारक असेल तर उड्डाणाची कागदपत्रं तीच करते. तुमच्या गळ्यात पडतं ते तात्पुरतं हेलिपॅड: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पोलिसांचा अभिप्राय, बांधकाम विभागाने जागा पाहणं, अग्निशमन बंब, रुग्णवाहिका. हल्ल्यानंतर यातली एकही गोष्ट 'चालतंय हो' म्हणून होत नाही. जागा निवडताना तारा बघा. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडता उडता तारांत अडकून कोसळलं. सगळे बचावले हे नशीब. मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यात हे होतं, तर आपल्या शाळेच्या मैदानाचं काय घेऊन बसलात.

नवरीवर वरून ड्रोनने शूटिंग? हेलिकॉप्टर हवेत असताना अजिबात नाही. ही बंदी कुणी घालायची वाट बघू नका.

मुलाला पायलट करायचंय. अशा दिवसांत शिक्षण बंद पडतं का?

सहसा नाही, खोळंबतं. छोटं विमान आपल्या देशात मनात आलं म्हणून उडत नाही. फ्लाइट प्लॅन द्यायचा, मग हवाई संरक्षणाच्या बाजूचा एडीसी क्रमांक आणि माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्यायचा. एरवी हे काही मिनिटांचं काम. तणावाच्या दिवसांत एडीसीला वेळ लागतो, कधी मार्ग बदलून मिळतो, कधी नुसतंच "थांबा". विद्यार्थ्याचे उड्डाणाचे तास मागे पडतात आणि वसतिगृहाचं भाडं चालू राहतं. फी भरताना एक-दोन महिने जास्तीचे धरून चाला.

परवानगीसाठी थांबणं फक्त विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये आपल्या विमानतळावरून विमानं उडाली, तेव्हाही ढग आले आणि विमान उभंच आहे असं लोक म्हणायचे. ढगाला बीज द्यायला लागणाऱ्या नळकांड्या पेटणाऱ्या असतात. त्यांच्या परवानग्या ढगांच्या वेळापत्रकाने येत नाहीत.

माझ्या ड्रोनला नोंदणी क्रमांकच नाही. हल्ल्यानंतर जप्त होईल का?

एरवीही होऊ शकतो. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात. त्यालाही नोंदणी लागते, फक्त पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. २ किलोपर्यंतच्या 'मायक्रो'ला धंद्यासाठी वापरलं तर प्रमाणपत्र हवं, आणि लग्नाचे पैसे घेता म्हणजे तो धंदा आहे. तयार परदेशी ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, तरी बाजारात पिशवीतून मिळतातच. माझ्या ओळखीतल्या लग्नवाल्यांपैकी बऱ्याच जणांचे असेच घेतलेले आहेत. शांततेच्या काळात कुणी विचारत नाही. हल्ल्यानंतर पहिला प्रश्न तोच येतो: "नंबर काय याचा?" तेव्हा पहलगामशी तुमचा संबंध नाही हे सिद्ध करण्यापेक्षा बिल दाखवणं अवघड जातं.

पकडलं तर पुढे काय?

वाद घालू नका. ड्रोन घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात अनुक्रमांक, बॅटऱ्यांची संख्या, मेमरी कार्ड लिहिलं आहे का बघा. मेमरी कार्डात नवरीकडचं अख्खं लग्न असतं, आणि मुद्देमालाच्या कपाटातून ते कधी बाहेर येईल सांगता येत नाही. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसांच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रोन नियमांचा दंड वेगळा, तो एक लाखापर्यंत जातो.

बंदी उठल्याचं कसं कळतं?

कळत नाही. बंदी घातल्याची बातमी पहिल्या पानावर येते, उठल्याची कुठेच येत नाही. मुदत संपते, बस्स. म्हणून आमच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात मी तारखा लिहून ठेवतो: कोणता आदेश, कुठला, कधी संपतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन करून विचारतो, "नवा निघालाय का?" ठाणे अंमलदारही बऱ्याचदा म्हणतात, "थांबा, बघून सांगतो." पैठणच्या लग्नातल्या त्या पोलीस पाटलांना मी नंतर आदेशाची तारीख कशी वाचायची ते दाखवलं. आता त्यांच्याकडे नवा आदेश आला की फोटो मला येतो, माझ्याकडे आला की त्यांना जातो.

तोपर्यंत ड्रोनचं काय करू?

पेटीत ठेवा, पण बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या ठेवू नका. निम्म्यावर आणा, सावलीच्या थंड खोलीत ठेवा, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. लग्न उद्या आहे म्हणून रात्री सगळ्या बॅटऱ्या भरतो, सकाळी बंदी कळते आणि त्या तशाच राहतात. पैठणच्या लग्नानंतर पुढची तीन बुकिंगं गेली आणि त्या नादात पेटी पत्र्याच्या खोलीत पडून राहिली. दहा दिवसांनी उघडायला गेलो तर झाकण आधीच वर आलं होतं. आत दोन बॅटऱ्या टम्म फुगलेल्या, पुऱ्यांसारख्या.